शेपूट कापायचे नाही

ॐ वायवे नमः। वायुपुत्राय नमः।

जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याच्यावाचून एक क्षणही निभत नाही, त्या वायुदेवाला व त्याच्या शेंदूरचर्चित पुत्राला प्रथम वंदन करून आज विजयादशमीच्या प्रातःकाळी ही आठवण लिहावयास घेतो. निमित्त घरगुती आहे. काल नवमीच्या रात्री पाटावर शस्त्रपूजन मांडले होते. विळी, कात्री, शिवणयंत्राची सुई आणि माझ्या दोन पोथ्या. त्यांच्या शेजारी लेकीने दरवर्षीप्रमाणे लोखंड कापण्याची एक करवत आणून ठेवली. यंदा नातीने प्रथमच विचारले, "आजोबा, व्हाय अ सॉ? आपल्याकडे कोण सुतार आहे?"

आपल्याकडे सुतार कोणी नाही. तरीही ती करवत या घरात पोथीच्या मानाने राहते, आणि ती तशी का राहते हे नातीला दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून लिहितो.

नव्वदचे दशक होते. कृष्णाकाठच्या ज्या पाठशाळेत मी शिकलो, तिथेच संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. त्याच वर्षी पत्नी गेली, आणि लेकीने मला शारजाला आपल्याकडे नेले. लेक यंत्र-अभियंता. दुबईच्या देरा भागातील एका कंपनीत ती उंच इमारतींच्या वातानुकूलनाच्या नळ्यांचे आराखडे करी. तिकडे त्या नळ्यांना डक्ट म्हणतात, म्हणून साइटवरचे लोक तिला 'डक्टवाली मॅडम' म्हणत. जावई बँकेत होते. मितभाषी आणि सज्जन.

मी विमानातून उतरलो तो शेंडी, धोतर आणि पंचपात्रीसह. आठवडाही झाला नसेल, मराठी मंडळातील एका गृहस्थांनी मला प्रेमाने बाजूला घेतले. "गुरुजी, इथे शेंडी कशाला? लोक बघतात. कापून टाका, केस परत येतात." मी म्हणालो, "केस परत येतात हो, पण कापू देणारा माणूस परत येत नाही." ते हसले. मी हसलो नाही. शेंडी राहिली. हा प्रसंग येथे नोंदवण्याचे कारण पुढे येईल.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातील एका गॅरेजमध्ये रंगकामाचा धूर कोंडत होता. तो बाहेर काढण्याची व्यवस्था पाहावयास कंपनीने लेकीला पाठवले. तिथे कोपऱ्यात ताडपत्रीखाली तिने ती गाडी पाहिली. घरी आली ती जेवणाकडे लक्ष न देता बोलत सुटली. "बाबा, तुम्ही बघाच. हवेनं स्वतः घडवल्यासारखी आहे." पुढच्या शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मी तिच्याबरोबर गेलो. तिने एकटीने त्या वस्तीत जाणे लोकांच्या डोळ्यांत सले, आणि मला तिथे बसून जप करण्यास काहीच अडचण नव्हती. त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी आम्ही बापलेक तिथे जाऊ लागलो.

गाडी शर्यतीची होती. पण शर्यतीच्या गाडीविषयी जी कल्पना माझ्यासारख्याच्याही मनात असते, तिला ती कुठेच जुळत नव्हती. उंची माझ्या कमरेइतकी. नाक जमिनीला टेकेल की काय असे वाटे. चाके आवरणाखाली झाकलेली. चालवणाऱ्याने जवळजवळ निजूनच बसायचे. आणि मागे निमुळते होत गेलेले, संपता न संपणारे लांब शेपूट. आचमनाची पळी पालथी धरावी आणि तिचा दांडा क्षितिजाकडे लांबत जावा, तसे. आत लोखंडी सांगाडा नव्हताच. पातळ लाकडी फळ्या एकावर एक चिकटवून तिचा देह बांधला होता आणि वरून दुधाळ पांढरा रंग दिला होता. रथ लाकडाचे असत हे आम्ही मुलांना शिकवीत आलो. विसाव्या शतकातही कोणी लाकडाचा रथ केला, हे पाहून माझे हात आपोआप जुळले.

तिचा मालक सत्तरीकडे झुकलेला एक इंग्रज होता. सगळे त्याला साहेब म्हणत, म्हणून मीही. तरुणपणी तो इंग्लंडमधील एका खेड्यात, कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात थाटलेल्या लहानशा कारखान्यात कामाला होता. तिथल्या मूठभर माणसांनी अशा मोजक्या गाड्या बांधल्या. मोठ्या कारखान्यांनी त्यांची टिंगल केली. मग त्याच गाड्यांमागे धावताना त्यांची टिंगल थांबली. आणि तरीही तो कारखाना पैशाअभावी बंद पडला. साहेब नोकरीनिमित्त आखातात आला तेव्हा आपली गाडी पेटीत घालून बरोबर घेऊन आला. "हे शेपूट मी माझ्या हातांनी घासले आहे, प्रोफेसर," तो मला सांगे. मी प्रोफेसर नाही हे मी त्याला कितीदा सांगितले, पण तो ऐकेना.

आता अडचण काय होती ती सांगतो. वाळवंटातील एका सोडून दिलेल्या धावपट्टीवर तिथला मोटार क्लब हिवाळ्यात शर्यत भरवी. मागच्या हिवाळ्यात साहेबाची गाडी तिथे उतरली, थोडी धावली, आणि इंजिन उकळून वाफा सोडीत उभी राहिली. लोक हसले. साहेबाला पाठीच्या दुखण्यामुळे लवकरच मायदेशी परतायचे होते. त्याआधी एकदा ती गाडी शर्यत पुरी करताना पाहावी, इतकीच त्याची इच्छा उरली होती. आणि त्या इच्छेपायी तो तिचे शेपूट कापावयास तयार झाला होता.

ही सूचना गॅरेजच्या फोरमनची. हा केरळचा, धिप्पाड, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. वाईट मुळीच नव्हता. पण त्याच्या जिभेला लगाम नव्हता.

"स्वामी," तो मला म्हणाला, "ये गाड़ी नहीं, सुरमई है. सुरमई का पूंछ कौन खाता है? काट के फेंकने का. गरम हवा पूंछ में अटकता है. पूंछ खलास, पीछे बड़ा विंग लगाओ, सबके जैसा. इंजन ठंडा."

"पूंछ काटोगे तो मछली तैरेगी कैसे?" लेक म्हणाली.

"मॅडम, आपका काम ठंडी हवा का. इधर गरम हवा का काम है."

"हवा को मालूम नहीं होता वो ठंडी है कि गरम. रास्ता उसका एक ही होता है."

तिचे म्हणणे असे होते. चालकाच्या डोक्यामागे, छतावर पत्र्याचा एक डबा बसवला होता, तोंड पुढे असलेला. वाळवंटातील उष्म्यात इंजिनाला जास्त वारा मिळावा म्हणून साहेबाने तो सुचवला आणि फोरमनने बनवला. मूळ गाडीत असा डबा नव्हता. मूळ कारागिरांनी शेपटीच्या टोकाशी बारीक फटी ठेवल्या होत्या. अंगाला चिकटून आलेला वारा त्या फटींवरून सरकताना आतली गरम हवा आपल्याबरोबर ओढून नेई. डब्यामुळे वारा छतावरच फाटतो, फटींपर्यंत धड पोचतच नाही, आणि म्हणून इंजिन उकळते. "हवा ढकलून जात नाही बाबा," ती मला म्हणाली, "तिला ओढून न्यावं लागतं."

मला हे लगेच पटले, कारण मी ते अनुभवले होते. पाठशाळेच्या यज्ञशाळेत धूर वर छपराच्या झरोक्यातून जाई. एकदा एका उत्साही यजमानाने "गुरुजींना वारा लागू दे" म्हणून वाऱ्याकडची मोठी खिडकी उघडली, आणि सारा धूर उलटून आमच्या डोळ्यांत आला. मंत्र चालू, नाकातोंडातून पाणी चालू. तो डबा म्हणजे ती खिडकी.

पण फोरमनला डब्याचा अभिमान होता आणि साहेबाला भीती होती. "डबा काढला आणि इंजिन जळाले तर? मला दुसरे इंजिन कुठून मिळणार?" शेवटी साहेबाने तोड काढली. एका शुक्रवारी धावपट्टीवर गाडी नेऊ. डब्यामुळे वारा फाटतो हे मॅडमने डोळ्यांना दाखवावे. दाखवले तर डबा जाईल. नाही दाखवता आले, तर त्याच दिवशी, तिथल्या तिथे, शेपूट कापायचे. रोज मन बदलण्याचे त्याचे वय उरले नव्हते, असे तो म्हणाला.

लेकीने त्या रात्री काहीच खाल्ले नाही. मी विचारले तर एवढेच म्हणाली, "बाबा, एकदा कापलं की कापलं. पुन्हा जोडलेलं शेपूट हे शेपूट नसतं."

साहेबाने ठरवलेला तो शुक्रवार पंचांगात पाहिला, तर विजयादशमी. मी मनोमन हसलो. यंत्रांच्या पूजेचा दिवस, आणि त्या दिवशी यंत्रावर करवत चालवायची म्हणतात!

आदल्या दिवशी मंडळातील त्याच गृहस्थांचा दूरध्वनी आला. "गुरुजी, उद्या सोनं द्यायला-घ्यायला आमच्याकडे सगळे जमताहेत. तुम्ही पूजा सांगायची आहे. आणि काय ऐकतो, तुम्ही त्या गॅरेजमध्ये जाणार? इंग्रजाच्या रेसच्या गाडीची पूजा? आणि चालवणार कोण, तर आपली मुलगी?"

"होय. फोरमन त्या गाडीत मावत नाही. एकदा बसला होता, त्याला दोघांनी ओढून काढावे लागले."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावे, दसऱ्याला जिथे यंत्र तिथे पूजा. शास्त्राने यंत्राचा गाव विचारलेला नाही, आणि सारथ्याने साडी नेसली आहे की धोतर हेही विचारलेले नाही."

"गुरुजी, तुम्ही फार हट्टी आहात."

"शेंडीसकट," मी म्हणालो आणि नम्रपणे फोन ठेवला. जावई समोरच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि लेकीला एवढेच म्हणाले, "हेल्मेट घाल. आणि माझ्या आईला फोनवर सांगू नकोस."

उजाडता आम्ही धावपट्टीवर पोचलो. गाडी 'रिकव्हरी'वरून, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवरून, अलगद उतरवली गेली. धावपट्टीच्या कडेला वाळूत काही झाडे उभी होती. बारीक पानांची, काटेरी, कोणी पाणी न घालता हिरवी राहिलेली. तिथले लोक त्यांना गाफ म्हणतात. मी जवळ गेलो, फांदी हातात घेतली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती शमी होती. दसऱ्याला आम्ही जिची पूजा सांगतो आणि देशावर जिच्यासाठी लोकांना वणवण शोध करायला लावतो, ती साक्षात शमी, त्या वाळवंटात कोणाच्या परवानगीवाचून उभी. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे मला बालपणी शिकवले होते. शिकवणाऱ्यांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, शमीला ते ठाऊक नव्हते.

झाडाची क्षमा मागून मी थोडी पाने घेतली आणि पूजा मांडली. वाहनाला खरे तर कोरड्या हळदकुंकवाचे बोट पुरते. पण ज्या गाडीचा सारा वाद वाऱ्याशी, तिला वायुपुत्राचा शेंदूर हवा असे मला वाटले. घरून मी शेंदूर आणि तिळाचे तेल नेले होते. मारुतीला लावतात तसा तो कालवला आणि नाकावर स्वस्तिक काढले. मग दोन्ही कुशींवर, डब्यामागे छतावर, आणि शेपटीवर सढळ हाताने लावत गेलो.

"बाबा, केवढं तेल!" लेक ओरडली. "ही देवळातली मूर्ती नाही!"

"शेपूट आहे ना? मग मारुतीच."

फोरमन कमरेवर हात ठेवून पाहत होता. "साहेब, अब समझा," तो म्हणाला. "स्वामी को पूंछ इतना पसंद क्यों? स्वामी का खुद का पूंछ है, सिर के पीछे!"

सगळे हसले. साहेबही हसला. "आहे," मी म्हणालो, "आणि तेही अजून कोणाला कापता आलेले नाही."

फोरमनच्या हत्यारांच्या पेटीत करवत होती. मी ती उचलली, पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिले, वर शमीचे पान ठेवले. फोरमनचा चेहरा बदलला.

"स्वामी, ये क्या किया?"

"आज आयुधपूजा. पूजलेले हत्यार आज उचलायचे नाही, अशी आमची रीत."

"हमारे यहाँ उल्टा है! नवमी को औजार रखने का, दशमी को उठाने का. आज उठाने का दिन है!"

"आमच्याकडे आज विश्रांती."

"ये शारजा है स्वामी, आपका गाँव नहीं."

"तुमचाही नाही."

तो वाद तिथे सुटण्यासारखा नव्हता. साहेब म्हणाला, "आधी गाडी धावू द्या," आणि आम्ही दोघे बाजूला झालो. पण करवत पाटावरच राहिली.

लेकीने आपली तयारी केली होती. छतावर आणि शेपटीवर तिने लोकरीचे आखूड धागे चिकटपट्टीने लावले. धागा ज्या दिशेला फडफडेल त्या दिशेला वारा चालला आहे, असे समजायचे. डब्यामागे धागे वेडेवाकडे नाचले की वारा फाटतो हे सिद्ध. साहेबाने पट्टीच्या मध्यावर दुर्बीण घेऊन उभे राहायचे ठरले.

ती हेल्मेट घालून त्या लाकडी देहात निजली. झाकण बंद झाले. माझ्या लेकीचा मुखडा मला दिसेनासा झाला. मी डोळे मिटले नाहीत, हे मात्र सांगतो. रथाकडे पाठ फिरवून केलेली प्रार्थना मला मान्य नाही.

इंजिन गर्जले, आणि ती पांढरी वस्तू पट्टीवरून अशी गेली, की आवाज मागून आला. टोकाला जाऊन वळली, परत आली, पुन्हा गेली. परत येताना तिच्या कुशीतून वाफेची रेघ निघू लागली होती. ती थांबली. लेक बाहेर आली, घामाने निथळलेली, आणि प्रथम तिने छताकडे पाहिले.

एकही धागा उरला नव्हता. ऑक्टोबरातल्या त्या उन्हात चिकटपट्टीचा डिंक पाघळला होता आणि सारी लोकर वाळवंटाने गिळली होती.

"साहेब, तुम्हाला काही दिसलं?"

साहेबाने दुर्बीण खाली केली. "धागे उडताना दिसले," तो म्हणाला. "सॉरी, माय डिअर."

फोरमनने खिशातून खडू काढला आणि शेपटीवर, मध्यावर, एक उभी रेघ ओढली. ती रेघ मला आजही दिसते. "यल्ला, चलो," तो म्हणाला, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. त्यालाही फार आनंद झालेला नव्हता. मग शेपटीवर हात फिरवून तो कुरकुरला, "और ये देखो, स्वामी ने पूरा रंग गंदा किया. ऐसे पे आरी फिसलेगी."

तेल मी लावले होते, तेव्हा पुसणे माझे काम. मी उपरण्याचे टोक हातात घेतले आणि शेपटीवर टेकवणार, इतक्यात लेक किंचाळली.

"बाबा, पुसू नका! हात लावू नका!"

मी उपरणे मागे घेतले. ती गुडघ्यांवर बसली होती आणि शेपटीकडे असे पाहत होती, जसे कोणी प्रथमच अक्षर वाचावे. मग मीही पाहिले.

नाकावरचे स्वस्तिक मोडले होते. त्याच्या चारही भुजांतून शेंदराचे बारीक तंतू निघून मागे ओढले गेले होते. दोन्ही कुशींवरचा शेंदूर विंचरलेल्या केसांसारखा सरळ, अखंड, थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेला होता. पण छतावर, डब्यामागे, तो गेलाच नव्हता. तिथे त्याचे थारोळे झाले होते, त्यात भोवरे पडले होते, आणि काही ओघळ उलटे, पुढे, डब्याकडे चढले होते.

"साहेब, इकडे या," ती म्हणाली. "वारा कुठून गेला ते बघा. कुशींवर टोकापर्यंत चिकटलाय. डब्यामागे फाटलाय. शेपटीचा काय दोष?"

"तेल तो तेल है," फोरमन म्हणाला. "स्वामी ने ज़्यादा डाला, बह गया."

"बहता तो नीचे बहता. ये आगे क्यों चढ़ा? बोलो. तेल अपने आप आगे चढ़ता है क्या?"

फोरमन पुढे झाला. त्याने वाकून पाहिले, मग दुसऱ्या बाजूने जाऊन पाहिले. साहेब मोठ्या कष्टाने गुडघ्यांवर बसला. त्याने बोट शेंदराला न लावता, वरच्या वर, त्या सरळ रेषांवरून टोकापर्यंत नेले; जसे कोणी फार वर्षांनी आपल्या ओळखीच्या पाठीवरून हात फिरवावा.

"डब्याची कल्पना माझी होती," तो म्हणाला. "काढा."

"साब, डब्बा निकाला और इंजन जल गया तो? कौन जवाब देगा?"

"मैं," लेक म्हणाली.

"और मॅडम की गारंटी कौन लेगा?"

"मी," मी म्हणालो. "पण तशी वेळ येणार नाही."

डबा रिव्हेटने पक्का ठोकलेला होता. कापल्याशिवाय निघणार नव्हता. फोरमनने पाटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी बाजूला झालो. "पूजलेले हत्यार शेपटीला लावाल, तर आमची रीत खरी आणि मी आडवा पडेन. डब्याला लावाल, तर तुमची रीत खरी. आज उठाने का दिन है."

त्याच्या त्या मोठ्या पोटातून हसू फुटले. "स्वामी, आप तो वकील हो!" त्याने करवत उचलली, कपाळाला लावली आणि आपण स्वतः घडवलेला डबा स्वतःच्या हाताने कापला.  मला वाटते, त्या दिवशी तिथे सर्वांत कठीण काम त्याने केले.

कापलेल्या जागेवर पत्रा बसवून ती गुळगुळीत केली. मी पुन्हा शेंदूर लावला. या वेळी लेकच म्हणाली, "अजून तेल घाला बाबा."

दुसऱ्या फेरीच्या वेळी फोरमन पाण्याची कॅन हातात धरून उभा होता, इंजिन पेटले तर धावत जाता यावे म्हणून. गाडी गेली, आली, गेली, आली. वाफ नाही. पुन्हा गेली. फोरमनने कॅन एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पुटपुटला, "इन्शाल्ला, इन्शाल्ला." आयुधपूजा करणाऱ्या मल्याळी हिंदूच्या तोंडी तो शब्द ऐकून मला इतका आनंद झाला, की मीही मनात तोच म्हटला.

लेक थांबली तेव्हा इंजिनाच्या तापमानाचा काटा जिथे असावा तिथेच होता. छतावरचा शेंदूर आता सरळ होता. एकेक तंतू शेपटीच्या टोकापर्यंत, त्या बारीक फटींपर्यंत जाऊन थांबला होता. खडूची रेघ त्या तंतूंखाली पुसट झाली होती. साहेबाने ती खिशातल्या रुमालाने पुसून टाकली आणि रुमाल घडी घालून परत खिशात ठेवला.

हिवाळ्यात शर्यत झाली. क्लबने धंदेवाईक चालकच हवा असे कळवले, म्हणून लेकीला ती चालवता आली नाही, आणि त्याचा राग मला आजही आहे. गाडी पहिली आली नाही, दुसरीही नाही. कितवी आली ते कोणालाच आठवत नाही. पण ती शेवटपर्यंत धावली, अखंड शेपटीसह, वाफेवाचून. मागच्या वर्षी हसलेले लोक तिच्याभोवती फोटो काढीत होते आणि फोरमन प्रत्येकाला सांगत होता, "ये मेरा सुरमई है. पूंछ को हाथ नहीं लगाने का."

साहेब गाडी घेऊन मायदेशी गेला. पुढे फोरमनही केरळला परतला. निघण्याआधी तो आमच्या घरी आला, सोफ्यावर न बसता उभाच राहिला, आणि कागदात गुंडाळलेली करवत त्याने लेकीच्या हातात ठेवली. "मॅडम, हर दशमी को उठाने का," तो म्हणाला. "रखने का नहीं." लेक ती दोन्ही रीतींनी पूजते. रात्री पाटावर ठेवते, सकाळी उचलते.

तेव्हापासून दुबईच्या समुद्राकाठी किती मनोरे उभे राहिले! त्यांतील काहींच्या पोटातून वारा कसा जावा हे माझ्या लेकीने आखलेले आहे. त्या वाऱ्याला तिचे नाव ठाऊक नाही, आणि तिला त्याची गरजही नाही. परंतु ज्यांना आपल्यापेक्षा लांब दिसेल ते कापून सारखे करावेसे वाटते, त्यांना या वृद्धाचे एकच सांगणे आहे. शेंडी असो, शेपूट असो, की मुलीची बुद्धी; करवत उचलण्याआधी वारा कुठून जातो ते पाहा. आणि पाहता येत नसेल, तर हात मागे घ्या. आम्ही पुसू देणार नाही आणि कापूही देणार नाही.

हे लिहिलेले वाचून दाखवले, तेव्हा नातीने एवढे ऐकले आणि अजून पाटावर असलेल्या करवतीला, कोणी न सांगता, शेंदराचे बोट लावले. तेल जास्तच झाले. मी ते पुसले नाही.

वाचकहो, ज्या वायूने माझ्या लेकीचा शब्द राखला, तो तुमच्या घरातील प्रत्येक श्वास निर्वेध राखो. तुमच्या लेकीसुना ज्या रथात बसतील तो त्यांना सुखरूप परत आणो. तुमच्या घरातील हत्यारे कापण्यापेक्षा घडवण्यासाठी अधिक उचलली जावोत, आणि तुमच्या दारी, तुम्ही कुठेही राहात असा, एक शमी कोणाची परवानगी न मागता हिरवी उभी असो. शुभं भवतु.